पहिल्या दोन दिवसांचं दुखणं

इंदापूरहून सकाळी बारामतीला निघालेल्या एसटीत निमगाव केतकी, अंथुर्णे, जंक्शन, भवानीनगर अशा एकेका थांब्यावर कॉलेजच्या मुली चढत जातात. काटेवाडी येईपर्यंत बसायला जागा उरत नाही. त्यांच्यातल्या कुणा ना कुणाचा पाळीचा पहिला दिवस असतोच. ती एका हातानं दांडी धरून आणि दुसऱ्या हातानं सॅक ओटीपोटाशी आवळून उभी असते. कंबर धरलेली, मांड्या भरून आलेल्या, पोटात थांबून थांबून कळा आणि वर मळमळ. घरी सांगितलं तर आई म्हणते, "सगळ्याच बायांचं दुखतं गं, लग्न झालं की थांबेल." आईला तिच्या आईनं तेवढंच सांगितलेलं असतं.

पाळीच्या कळा का येतात याचं उत्तर मात्र साठ-सत्तर वर्षांपूर्वीच हाती लागलं आहे. ते उत्तर कळलं की शेक का घ्यायचा, कधी घ्यायचा, गोळी कधी घ्यायची आणि कुठल्या दुखण्यावर घरी बसून राहायचं नाही, हे सगळं आपोआप उलगडतं.

गर्भाशय म्हणजे मुठीएवढा पोकळ स्नायू. दर महिन्याला त्याच्या आतल्या बाजूला अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खाली येतं, अस्तर सुटायला लागतं आणि सुटताना त्याच्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला आकुंचन पावायला लावतात, म्हणजे अस्तर बाहेर पडतं. इथवर सगळं ठीक. पण काहींच्या शरीरात ही रसायनं जास्त तयार होतात. मग स्नायू इतका आवळला जातो की आतला दाब रक्तवाहिन्यांतल्या दाबाच्याही वर जातो, स्नायूला मिळणारं रक्त क्षणभर तुटतं आणि प्राणवायूवाचून तो कळवळतो. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा जसं होतं, तसंच काहीसं इथं पोटात होतं.

प्रोस्टाग्लँडिन हे नाव स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३०च्या दशकात दिलं. पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारं काहीतरी असतं, हे इंग्लंडमधल्या पिकल्स यांनी १९५७ मध्ये दाखवलं. याच रसायनांवरच्या संशोधनाला १९८२चं नोबेल मिळालं. आता यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, ही रसायनं पाळीच्या पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतात, म्हणून पहिले दोन दिवस अवघड जातात आणि तिसऱ्या दिवशी बाई माणसात येते. दोन, ती रक्तात मिसळून आतड्यांपर्यंतही पोहोचतात. पाळीत जुलाब होणं, उलटी होणं, डोकं धरणं हे त्यामुळंच. त्या मुलीनं आदल्या दिवशी चुकीचं काही खाल्लेलं नसतं आणि ती नाटक तर अजिबात करत नसते.

हे दुखणं बहुतेक वेळा पहिल्या पाळीपासून नव्हे, तर त्यानंतर सहा महिने ते वर्षभरानं सुरू होतं. बीजकोशातून दरमहा बीज सुटायला लागलं की मगच ही साखळी पूर्ण होते. सातवी-आठवीपर्यंत "मला काहीच होत नाही" म्हणणारी मुलगी नववीत पोट धरून बसली तर आईनं घाबरू नये आणि तिला रागावूही नये.

सगळ्या उपायांचं मर्म वेळेत आहे. कळा टोकाला गेल्यावर घेतलेली गोळी तितकीशी लागू पडत नाही, कारण तोवर रसायनं सुटून गेलेली असतात. म्हणून पहिला उपाय भिंतीवर टांगलेला आहे. कालनिर्णयवर दूधवाल्याच्या आणि गॅसच्या तारखांशेजारी आपल्या तारखेवर एक ठिपका द्या, आणि त्या दिवशी किती दुखलं याचा शून्य ते दहामधला एक आकडा लिहा. तीन महिन्यांत अंदाज बसतो. मोबाइलवर ठेवलं तरी चालेल, पण भिंतीवरचं घरातल्या सगळ्यांना दिसतं, आणि ते दिसावं असं मला मनापासून वाटतं.

शेकाला आपल्याकडं आजीबाईचं औषध म्हणून बाजूला ठेवतात. पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पोटावर बारा तास ३९ अंशांच्या आसपास ऊब देणारी पट्टी आणि आयबुप्रोफेनची गोळी यांची तुलना केली होती. नुसत्या उबेनं गोळीइतकाच आराम पडला. ऊब मिळाली की स्नायू सैल होतो, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तुटलेलं रक्त पुन्हा वाहायला लागतं. रबराची पिशवी नसेल तर पुरचुंडी करा. तव्यावर मूठभर जाडं मीठ आणि दोन चमचे ओवा मंद आचेवर परता. ओव्याचा वास घरभर सुटला की उतरवा, जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या दुहेरी फडक्यात बांधा आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. तिथं सोसवलं तरच पोटावर. ओटीपोटावर पंधरा-वीस मिनिटं, मग कंबरेच्या माकडहाडाच्या वर तेवढाच वेळ. होस्टेलवर राहणाऱ्या मुलींना गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून हेच करता येतं. चटका बसेल इतका गरम शेक रोज तासन् तास घेऊ नका. त्यानं कातडीवर जाळीसारखे काळपट डाग पडतात आणि फायदा काही वाढत नाही.

व्यायामाबद्दल अजूनही गैरसमज आहे की पाळीत हलूच नये. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा, दर वेळी पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं शंभराच्या मापावर सुमारे पंचवीस गुणांनी उतरलं होतं. पुरावा फार भक्कम दर्जाचा नाही असं त्यांनी स्वतःच नोंदवलं, पण या उपायाचं नुकसान काही नाही आणि पैसाही लागत नाही. व्यायाम हलका असला तरी चालतो, आणि तो महिनाभर चालू हवा. पाळीच्या सकाळी एकदाच सूर्यनमस्कार घातल्यानं हा गुण येत नाही.

इथं खेडोपाडी एक रास्त प्रश्न येतो. "दिवसभर शेतात वाकून राबतो आम्ही, आणखी कसला व्यायाम?" माझं मत असं की खुरपणी ही मेहनत आहे, पण कंबरेला तिच्यात सुटका नाही. तासन् तास एकाच दिशेनं वाकल्यानं पाठीचे आणि ओटीपोटाभोवतीचे स्नायू आखडून बसतात. अशा बाईला पळायची गरज नाही, उलट्या दिशेनं ताण देण्याची गरज आहे. बारामतीच्या हायटेक टेक्स्टाईल पार्कमध्ये शिलाई मशीनवर आसपासच्या गावांतल्या शेकडो बायका काम करतात. त्यांचं दुखणं बसून आखडण्याचं. दोघींनाही मार्जरासन उपयोगी पडतं. हातगुडघ्यांवर या, श्वास घेत पाठ खाली झुकवा, श्वास सोडत वर कमान करा. असं सावकाश दहा वेळा. इराणमधल्या एका चाचणीत मार्जरासन, भुजंगासन आणि मत्स्यासन पाळीआधीच्या दिवसांत केल्यावर दुखण्याची तीव्रता आणि काळ दोन्ही कमी झाले होते.

आणि पाळीच्या दिवशी काय करायचं यावर पुण्यातच मोठं काम झालेलं आहे. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी १९८३ मध्ये स्त्रियांसाठी योगावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि पाळीच्या दिवसांत कुठली आसनं करावीत, कुठली टाळावीत याचा क्रम बसवून दिला. डोक्यावर उभं राहण्याची आसनं त्यांनी या दिवसांत वर्ज्य मानली आणि आधार घेऊन केलेल्या विश्रांतीच्या आसनांवर भर दिला. त्यातलं सुप्त बद्धकोनासन कुणालाही जमेल. पाठीखाली लांबट लोड किंवा गुंडाळलेली गोधडी ठेवून उताणं पडा, तळपाय एकमेकांना जोडा, गुडघे बाजूला सोडा आणि त्यांच्याखाली उशा द्या. दहा मिनिटं असं पडलं की ओटीपोटातला पीळ सुटतो. घरातल्या बाईला ही दहा मिनिटं मिळवायला आसनापेक्षा जास्त कष्ट पडतात. ती मिळवून देणं हे घरातल्या इतरांचं काम आहे.

चालण्याबद्दल याच मातीतलं उदाहरण आहे. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत जाते. वारीत हजारो बायका असतात आणि त्यांतल्या कितीतरी जणींची पाळी वाटेतच येते. पूर्वी यावर कुणी बोलत नसे. २०२२ पासून राज्य महिला आयोगाच्या आरोग्यवारी उपक्रमात वाटेवर सॅनिटरी नॅपकिन आणि ते जाळण्याच्या यंत्रांची सोय सुरू झाली. एका लयीत चालल्यानं कंबरेखाली रक्त खेळतं राहतं आणि शरीरातली वेदनाशामक एंडॉर्फिन वाढतात. मात्र पाणी, सावली आणि बसायला जागा असेल तरच चालणं औषध होतं.

आता खाण्याकडं. पाळीत दही, चिंच, केळं, लोणचं खाऊ नये, थंड पाण्यानं रक्त गोठतं, या समजुतींना शास्त्राचा आधार नाही. सुंठीला मात्र आहे. पहिल्या तीन दिवसांत रोज साधारण एक ग्रॅम सुंठपूड विभागून दिल्यावर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनच्या जवळपास आराम पडल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. एक ग्रॅम म्हणजे दिवसभरात मिळून सपाट अर्धा चहाचा चमचा. गुळात वळलेली सुंठीची गोळी आपल्याकडं बाळंतिणीला देतातच. तीच तारखेच्या आदल्या दिवसापासून चालू करा. आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. ओव्याच्या काढ्याला असा पुरावा नाही, पण तो गरम असतो आणि पोटातला वात मोकळा करतो, तेव्हा प्यायला हरकत नाही.

भारतातलीच एक चाचणी फारशी कुणाला ठाऊक नाही. एल. बी. गोखले यांनी १९९६ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये १२ ते २१ वयाच्या ५५६ मुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज १०० मिलिग्रॅम थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, नव्वद दिवस दिल्यावर बहुसंख्य मुलींचं दुखणं थांबलं. एवढ्या मोठ्या प्रमाणात हे पुन्हा पडताळून पाहिलेलं नाही, म्हणून हा रामबाण म्हणता येणार नाही. पण थायमिन मिळतं कशातून, तर बाजरी, ज्वारी, शेंगदाणे, तीळ, कोंड्यासकट दळलेला गहू आणि डाळींतून. सुपे, मोरगाव, लोणी भापकर या जिरायती पट्ट्यातलं जुनं जेवण हेच होतं. कॉलेजच्या मुलीच्या पोटात सकाळी चहा-बिस्किटं आणि दुपारी वडापाव जातो, तेव्हा ही सगळी धान्यं तिच्या ताटातून गेलेली असतात. बाजरीचं आणखी एक कारण लोहाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोहानं कळा थेट कमी होत नाहीत, पण रक्त कमी असलेल्या बाईला तीच कळ दुप्पट थकवते. राज्यात २०१२ मध्ये आलेलं 'धनशक्ती' हे बाजरीचं वाण मुद्दाम जास्त लोहासाठी निवडलेलं आहे. भाकरीवर लिंबू पिळलेली पालेभाजी घ्या आणि चहा जेवणानंतर तासभर लांब ठेवा. जोडीला जवसाची चटणी. ओमेगा-३ स्निग्धांमुळं कमी त्रासदायक प्रकारची प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, आणि शाकाहारी घरात ही स्निग्धं मिळण्याचा जवस हाच स्वस्त मार्ग आहे.

मिश्रीबद्दल स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण आरोग्याच्या लेखांत ती येतच नाही. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांत पाळीचं दुखणं जास्त असतं हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे, कारण निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. आपल्याकडच्या बायका सिगारेट ओढत नाहीत, पण सकाळी दात घासायला म्हणून लावलेली मिश्री दिवसातून चार-पाच वेळा होते, आणि ती भाजलेली तंबाखूच आहे. ज्या गर्भाशयाला रक्त कमी पडल्यामुळं कळा येतात, त्याच्या वाहिन्या आपण आणखी आवळतो. एकदम सुटत नसेल तर पाळीच्या आठवड्यात तरी बंद ठेवून पाहावं.

गोळी घेण्यात कमीपणा नाही. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच आडकाठी करतात. म्हणून दुखायला लागताच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत दोन-तीन दिवस घेतली तर ती सर्वांत चांगली लागू पडते. पोटात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ती आपणहून घेऊ नये. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधकोश आयोगानं मेफेनॅमिक ॲसिडबाबत सावधगिरीची सूचना काढली. क्वचित एखाद्याला त्यानं ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येते. गोळीनंतर अंगावर उठलं तर ती थांबवून दवाखाना गाठावा. गौरी-गणपतीत किंवा लग्नघरात पाळी पुढं ढकलायला घेतात ती गोळी वेगळी. ती संप्रेरकाची असते, दुखण्याची नव्हे, आणि मेडिकलमधून स्वतः आणून घेण्याची तर नव्हेच.

आतापर्यंतचं सगळं साध्या दुखण्याबद्दल झालं. पण काही दुखणी वेगळ्या जातीची असतात. पंचविशीनंतर नव्यानं सुरू झालेलं, महिन्यागणिक वाढत जाणारं, पाळी नसतानाही राहणारं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला बसताना होणारं दुखणं. तासातासाला पॅड बदलावं लागणं. ताप आणि वास येणारा स्राव. तीन महिने नीट उपाय करूनही फरक न पडणं. यामागं एंडोमेट्रिओसिस, गाठी किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढते. पुनरुत्पादनाच्या वयातल्या दहातल्या एकीला तो असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि निदान व्हायला वर्षानुवर्षं जातात, कारण "दुखतंच" म्हणून कुणी विचारत नाही. पाळी चुकलेली असताना एका बाजूला अचानक जोराचं दुखलं तर त्याच क्षणी दवाखाना, कारण गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. बारामतीत महिला रुग्णालय आणि इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. जाताना कालनिर्णयचं ते पान सोबत न्या.

हे दुखणं दुर्लक्षित राहिलं की कुठवर जातं, हे बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या उसात दर हंगामाला दिसतं. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती या कारखान्यांची धुराडी पेटली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, त्यामुळं एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. पहाटे उठून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या. पाळी असो वा नसो. फडात संडास नाही म्हणून बाई पाणी कमी पिते, आणि कळा मारायला गोळ्यांवर गोळ्या घेते. कोरड्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर येतात. कापड बदलायला आडोसा नसल्यानं जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट कायमचं दुखायला लागतं. मग कुणीतरी सांगतं, पिशवीच काढून टाक, दरमहाची कटकट जाईल.

२०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पिशवी काढण्याच्या या प्रकारांची चौकशी केली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांत तिशी-पस्तिशीच्या कितीतरी होत्या. या आकड्यापुढं सुंठ आणि शेक फार लहान वाटतात हे मला कळतं. पण यांतल्या अनेकींच्या बाबतीत पहिल्या पायरीवर गरम पाणी, एक आडोसा, पहिल्या दिवशी मोळी न उचलण्याची मुभा आणि वेळेवर तपासणी मिळाली असती, तर शेवटची पायरी आली नसती असं मी ठामपणे म्हणेन. ज्यांच्या फडात टोळी उतरते त्या बागायतदाराला संडासाची शीट आणि चार पत्रे उभे करणं अवघड नाही. मुकादमानं पहिल्या दिवशी त्या बाईला वाढं गोळा करायचं हलकं काम दिलं, तर गाडी भरायला फार तर अर्धा तास जास्त लागेल.

आणि कुणी पिशवी काढायचा सल्ला दिलाच, तर सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. ते विचारायला लाजू नये. सोबत शिकलेली मुलगी असेल तर तिला पुढं करावं. सोनोग्राफीत नेमकं काय दिसलं आहे? औषधानं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं ते बरं होणार नाही का? सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आलं तर चालेल का? आणि चौथा प्रश्न, जो जवळजवळ कुणीच विचारत नाही: बीजकोश ठेवणार की तेही काढणार? कारण बीजकोश गेले की पाळीबरोबर इस्ट्रोजेनही जातं, आणि पस्तिशीतल्या बाईची हाडं पन्नाशी उलटलेल्या बाईसारखी झिजायला लागतात.